रॅम १६ जीबी, मग कर्नलला स्टॅक १६ केबीच का?

१९ जुलै २०२४ रोजी देशातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक अपडेट बिघडलं होतं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बसली होती. त्यानंतर बरेच दिवस कोल्हापुरात मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत होता: एका सॉफ्टवेअरच्या चुकीने अख्खं मशीन कसं काय झोपतं? मोबाइलमधलं एखादं ॲप बंद पडलं म्हणून मोबाइल थोडाच बंद पडतो?

याचं उत्तर असं की ते सॉफ्टवेअर कर्नलच्या आत चालत होतं. तिथली चूक मेमरीच्या हद्दीबाहेर वाचण्याची होती. पण कर्नलच्या आत आणखी एक हद्द आहे, स्टॅकची, आणि तिच्याबद्दल इंजिनिअरिंगच्या मुलांनाही फारसं कुणी सांगत नाही. लिनक्स शिकणारी मुलं पहिला ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा कोड, लिहायला घेतात तेव्हा कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, त्यांना टोकतो: तुमच्या फंक्शनची फ्रेम २०४८ बाइटपेक्षा मोठी झाली आहे. मुलं चक्रावतात. लॅपटॉपला १६ जीबी रॅम, आणि दोन केबीसाठी एवढी कटकट? बरेच जण ती सूचना बंद करून पुढे जातात. तसं करू नये, यासाठी हा लेख.

## कर्नल, थ्रेड, स्टॅक: हे तीन शब्द पुरेत

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमचा ब्राउझर, टॅलीचा प्रोग्रॅम, व्हिडिओ प्लेअर, यांतला कुणीही डिस्कला किंवा नेटवर्क कार्डला थेट हात लावत नाही. सगळे कर्नलकडे मागणी करतात आणि कर्नल ते काम करून देतो. ॲप चुकलं तर कर्नल त्याला बाहेर काढतो आणि बाकीचं मशीन चालू राहतं. कर्नलच चुकला तर त्याला सावरायला त्याच्या वर कुणी नाही.

थ्रेड म्हणजे चालू असलेलं एक काम. एका ब्राउझरचे शंभर थ्रेड असू शकतात, आणि साध्या लॅपटॉपवर सगळे मिळून हजाराच्या आसपास सहज असतात.

राहिला स्टॅक. कुठलाही कोड फंक्शनमध्ये विभागलेला असतो. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, ते तिसऱ्याला. प्रत्येकाला आपली तात्पुरती मूल्यं ठेवायला आणि काम संपल्यावर परत कुठे जायचं ते लिहून ठेवायला थोडी जागा लागते. त्या जागेला फ्रेम म्हणतात आणि या फ्रेम ज्या पट्ट्यात रचल्या जातात तो स्टॅक. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक वेगळा असतो.

## बंधाऱ्याचे बरगे

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्याकडे कुणाला सांगायला नको. दगडी खांब, मधले गाळे आणि खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की या खाचांतून बरगे एकावर एक सोडायचे आणि पुढच्या पावसाआधी काढायचे. शेवटी घातलेला बरगा आधी निघतो. तळातला हवा असेल तर वरचे सगळे काढल्याशिवाय तो हाती येत नाही. खाच किती उंच, हे खांब बांधला त्याच दिवशी ठरलेलं असतं.

स्टॅक तसाच चालतो. फंक्शन सुरू झालं की एक बरगा पडला, संपलं की तोच निघाला. तात्पुरती मूल्यं जास्त असतील तर बरगा जाड. खऱ्या प्रोसेसरमध्ये ही रचना बहुधा वरच्या पत्त्याकडून खालच्या पत्त्याकडे वाढते, पण हिशेब तोच राहतो: बरग्यांची एकूण उंची खाचेत मावली पाहिजे.

आता एक गोष्ट बदलून बघा. समजा हे बरगे एकच टोळी घालत नाही. पहिला बावड्याच्या माणसाने घातला, दुसरा वडणग्याच्या, तिसरा शियेच्या, आणि आपल्या आधी किती जाडीचे किती पडलेत, आपल्यानंतर किती पडणार आहेत, हे कुणालाच दिसत नाही. कर्नलमध्ये नेमकी हीच स्थिती आहे. फाइल सिस्टिम लिहिणारा एका देशात, डिस्कचा ड्रायव्हर लिहिणारा दुसऱ्या कंपनीत, आणि दोघांचा कोड एकाच थ्रेडच्या एकाच स्टॅकवर एकापाठोपाठ चढतो. माझ्या मते स्टॅक जपून वापरण्याचं खरं कारण हे आहे. रॅम वाचवणं हा त्यातला लहानसा भाग. मुद्दा असा की ही जागा अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायची आहे.

## पण माझ्या प्रोग्रॅमला तर ८ एमबी मिळतात!

मिळतात. लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमच्या मुख्य थ्रेडला सहसा ८ एमबीपर्यंत स्टॅक वाढवता येतो, आणि तोही लागेल तसा. प्रोग्रॅम नव्या पानाला हात लावतो, प्रोसेसर थांबून कर्नलला सांगतो, कर्नल एक पान देतो, काम पुढे चालू होतं. पान म्हणजे मेमरीचा ४ केबीचा तुकडा.

कर्नलच्या स्वतःच्या स्टॅकला ही सोय नाही. पान नाही हे कळल्यावर ते मिळवायला जो कोड चालवायचा, त्यालाच स्टॅक लागतो. शिवाय कर्नलचा बराचसा कोड अशा वेळी चालतो, जेव्हा त्याला मेमरीसाठी थांबून राहणं चालत नाही. म्हणून थ्रेड जन्माला येतो तेव्हाच त्याचा कर्नल स्टॅक मोजून दिला जातो आणि थ्रेड मरेपर्यंत तेवढाच राहतो. ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर आणि ६४ बिटच्या एआरएमवर लिनक्समध्ये तो १६ केबी असतो, म्हणजे चार पानं. ३२ बिटच्या एआरएमवर ८ केबी. विंडोजनेही हात सैल सोडलेला नाही: तिथे ६४ बिटवर २४ केबी आणि जुन्या ३२ बिटवर १२ केबी.

## १६ केबी संपवतं तरी कोण?

एकटं फंक्शन सहसा नाही. साखळी संपवते.

दूध संस्थेच्या संगणकावर सकाळच्या संकलनाची नोंद जतन होते, एवढंच उदाहरण घ्या. प्रोग्रॅमने फाइलमध्ये लिहा म्हटलं. कर्नलचा सामायिक फाइल थर जागा झाला, त्याने फाइल सिस्टिमला बोलावलं. फाइल सिस्टिमला एक पान मेमरी हवी होती, ती शिल्लक नव्हती. म्हणून मेमरी मोकळी करणारा कोड याच थ्रेडवर, याच स्टॅकवर सुरू झाला. त्याने ठरवलं की काही पानं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, टाकू. त्यासाठी डिस्कचा थर आला. डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती, मग तो थर आला. शेवटी ड्रायव्हर आला, आणि त्यालाही थोडी मेमरी हवी होती. पन्नास-साठ फ्रेम एकावर एक, आणि मूळ फंक्शन लिहिणाऱ्याच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं.

ही भीती कागदावरची नाही. लिनक्सच्या ६४ बिट इंटेल कर्नलमध्ये स्टॅक आधी ८ केबी होता. २०१४ मध्ये मिनचान किम या डेव्हलपरला मेमरीची टंचाई असलेल्या व्हर्च्युअल मशीनवर चाचण्या करताना तो फुटताना दिसला, वर सांगितली तशाच साखळीमुळे. जून २०१४ मध्ये आलेल्या ३.१५ आवृत्तीत तो १६ केबी झाला.

त्याच्या दहा वर्षं आधी उलटा प्रयत्न सुरू झाला होता. ३२ बिट मशीनवर ८ केबीचा स्टॅक निम्म्यावर, ४ केबीवर, आणायचा पर्याय २००४ च्या सुमारास कर्नलमध्ये आला. हेतू चांगला होता: सलग दोन पानं शोधण्यापेक्षा एक पान शोधणं सोपं. पण फाइल सिस्टिमखाली एकावर एक थर रचलेली मशीन कोसळू लागली. विंडोजचे वायफाय ड्रायव्हर लिनक्सवर चालवणाऱ्या एनडीआयएसरॅपर या सोयीचे तर हालच झाले, कारण ते ड्रायव्हर १२ केबी मिळतील असं धरून लिहिलेले होते. २०१० मध्ये तो पर्याय काढून टाकला.

## हद्द ओलांडली तर काय होतं?

पूर्वी जे व्हायचं ते फार वाईट होतं: लगेच काहीच व्हायचं नाही. स्टॅकच्या शेजारची मेमरी कुणाचीही असू शकते. तिच्यावर निमूटपणे लिहिलं जायचं आणि तासाभराने भलत्याच ठिकाणी मशीन कोसळायचं. दोष शोधणाऱ्याला मूळ जागेचा पत्ता लागत नसे.

त्यातही एक जागा नाजूक होती. थ्रेडबद्दलची कर्नलची महत्त्वाची माहिती इंटेल मशीनवर अनेक वर्षं स्टॅकच्या टोकालाच ठेवलेली असे. म्हणजे स्टॅक भरून वाहिला की पहिला घाव तिच्यावर. ती माहिती हवी तशी बदलता आली तर साध्या वापरकर्त्याला मशीनचा पूर्ण ताबा मिळवता येतो. २०१० मध्ये इकोनेट नावाच्या एका जुन्या, जवळजवळ कुणी वापरत नसलेल्या नेटवर्क पद्धतीच्या कोडमध्ये अशी फट सापडली. वापरकर्ता सांगेल तेवढ्या लांबीचा ॲरे, म्हणजे मूल्यांची सलग रांग, ते फंक्शन स्टॅकवर उभा करत होतं. २०१६ मध्ये ईक्रिप्टएफएस या एन्क्रिप्टेड फाइल सिस्टिममध्ये वेगळ्या वाटेने तेच झालं: एका फाइलला हात लावला की दुसरी उघडायची, तिच्यातून तिसरी, आणि स्टॅक संपेपर्यंत हे चालत राहायचं.

डिसेंबर २०१६ मधल्या ४.९ आवृत्तीपासून चित्र पालटलं. अँडी लुटोमिर्स्की यांच्या कामामुळे प्रत्येक स्टॅकच्या कडेला एक रिकामं, कुणालाही हात न लावता येणारं पान ठेवता येऊ लागलं. स्टॅक तिथे पोचला की प्रोसेसर तिथल्या तिथे अडतो आणि स्टॅक ओव्हरफ्लो झाला असं कर्नल स्पष्ट सांगतो. त्याच आवृत्तीत ती नाजूक माहितीही इंटेल मशीनवर स्टॅकवरून हलवली गेली. मशीन तरीही अडचणीत येऊ शकतं, पण गुपचूप नासाडी होत नाही आणि चोराला आत शिरता येत नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची सुधारणा.

तरी या राखीव पानाची जाडी ४ केबीच. एखाद्या फंक्शनची फ्रेम त्याहून मोठी असेल तर ते पान ओलांडून थेट पलीकडे लिहिलं जाऊ शकतं. म्हणजे राखण असली तरी फ्रेम लहान ठेवण्याची गरज संपत नाही.

## मग स्टॅक सरळ ६४ केबी करून टाका की!

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

एका थ्रेडमागे १६ केबी हे नगण्य वाटतं. मोठ्या सर्व्हरवर एक लाख थ्रेड असतील तर नुसत्या कर्नल स्टॅकला दीड जीबीच्या आसपास रॅम गेली. ६४ केबी केले तर सहा जीबीवर. ही मेमरी लिनक्स स्वॅपमध्येही टाकत नाही, ती थ्रेड जिवंत असेपर्यंत अडकून राहते. आणि यातले बहुतेक थ्रेड बहुतेक वेळ झोपलेले असतात, त्यांचा स्टॅक बराचसा रिकामाच असतो.

दुसरी अडचण छोट्या मशीनची. लिनक्स फक्त सर्व्हरवर नसतो. राऊटर, सीसीटीव्हीची पेटी, कारखान्यातला पॅनेल, यांत कधी कधी ६४ एमबीच रॅम असते. तिथे ही उधळपट्टी परवडत नाही.

तिसरी गोष्ट अनुभवाची आहे: जागा वाढवली की कोड तेवढा पसरतो. ८ चे १६ केबी झाले म्हणून साखळ्या आखूड झाल्या नाहीत. मर्यादा वाढवून दोष बरा होत नाही, पुढे ढकलला जातो.

मग लागेल तसा वाढणारा स्टॅक? २०२४ मध्ये गूगलमधले पाशा तातशिन यांनी लिनक्ससाठी असा प्रस्ताव मांडला. कल्पना आकर्षक आहे, कारण बहुतेक थ्रेड १६ केबीच्या जवळपासही जात नाहीत. अडचण तीच, वर सांगितलेली. पान नाही हे कळण्याच्या क्षणी कर्नल कुठल्याही अवस्थेत असू शकतो, कुलपं (इतर थ्रेडना त्याच माहितीपासून रोखणाऱ्या खुणा) हातात असताना किंवा इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला मधेच दिलेल्या हाका) बंद असताना, आणि इंटेलच्या प्रोसेसरची अशा प्रसंगाची यंत्रणा परत येऊन काम पुढे चालू ठेवण्यासाठी बनलेलीच नाही. त्यामुळे जास्त थ्रेडचा खर्च कमी करण्यापुरता हा मार्ग आशेचा आहे, पण सैल कोडला त्याने मोकळीक मिळणार नाही.

एक अपवाद सांगतो. मेमरीच्या चुका पकडणारं केसॅन हे साधन चालू केलं की लिनक्स स्टॅक दुप्पट करतो, कारण ते साधन प्रत्येक फ्रेममध्ये राखीव पट्टे घालतं. हे चाचणीच्या मशीनसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

## बरगा पातळ कसा करायचा

गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला एक मुलगा आपला ड्रायव्हर दाखवायला आला होता. गावातल्या दूध संकलन केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्याचं वजन यूएसबीवरून वाचायचं. हेतू छान, कोडही स्वच्छ. पण वाचणाऱ्या फंक्शनमध्ये त्याने ४०९६ बाइटचा बफर, म्हणजे आलेला डेटा ठेवायची जागा, साध्या तात्पुरत्या ॲरेसारखा लिहिला होता. म्हणजे एका बरग्यातच १६ केबीचा चौथा हिस्सा गेला. हाच ड्रायव्हर ३२ बिटच्या छोट्या बोर्डवर टाकला असता तर निम्मा.

कंपायलरने फ्रेमची सूचना दिली होती, ती त्याने पाहिली नव्हती. ड्रायव्हर चालवल्यावर कर्नलच्या लॉगमध्ये यूएसबीच्या थराने दुसरी तक्रार केली होती: पाठवायला दिलेला बफर स्टॅकवर आहे. हे फार जणांना माहीत नसतं. यूएसबीचा कंट्रोलर मेमरीत थेट लिहितो, आणि स्टॅकवरचा बफर अशा कामाला देऊच नये हा नियम जुना आहे. ४.९ नंतरच्या स्टॅकची पानं रॅममध्ये सलग असतीलच असं नाही, त्यामुळे पूर्वी नशिबाने चालून जाणारे कितीतरी यूएसबी ड्रायव्हर त्या काळात दुरुस्त करावे लागले.

दुरुस्ती लहान होती. काटा जोडला जातो तेव्हा एकदाच केमॅलॉक या फंक्शनकडून बफर मागून घ्यायचा, त्याचा पत्ता उपकरणाच्या माहितीत ठेवायचा, काटा काढला की परत करायचा. स्टॅकवर राहिला फक्त पत्ता: ८ बाइट. मग आम्ही काटा पाठवतो ती ओळ बघितली. वीस अक्षरंही नव्हती. त्या जातीच्या यूएसबी जोडणीत एका वेळी ६४ बाइटपेक्षा मोठं पाकीट येतच नाही. ४०९६ हा आकडा त्याने कुठल्या तरी उदाहरणातून उचलला होता. आधी गरज मोजावी आणि मग जागा मागावी, हे तिथे बसल्या बसल्या त्याला दिसलं.

मोठा ॲरे हा सगळ्यात ठळक दोष, पण एकमेव नाही. लांबी चालताना ठरणारे ॲरे हा दुसरा. किती जागा जाईल हे कोड वाचून कळतच नाही, इकोनेटचं तेच झालं. लिनक्सने कीस कुक आणि इतर अनेकांच्या मेहनतीनंतर डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीत असे ॲरे कर्नलमधून हद्दपार केले, आणि आता कुणी तसा लिहिला तर कंपायलर लगेच बोंब मारतो.

मोठ्या स्ट्रक्चरची प्रत करण्याऐवजी त्याचा पत्ता द्यावा, हे मुलांना माहीत असतं. पण एखादं स्ट्रक्चर दिसायला लहान आणि प्रत्यक्षात मोठं निघतं. कुठल्या सीपीयूवर काम चालवायचं हे सांगणारा सीपीयूमास्क घ्या. प्रत्येक सीपीयूला एक बिट, एवढंच त्यात असतं. पण ८१९२ सीपीयूंसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये तो एक केबी होतो. फंक्शनमध्ये असे दोन ठेवले की २०४८ ची सीमा तिथेच आली. म्हणून मोठ्या मशीनच्या कर्नलमध्ये तो स्टॅकबाहेर ठेवायची वेगळी सोय केलेली आहे.

सगळ्यात फसवा दोष कंपायलरच्या चांगुलपणातून येतो. वेग वाढावा म्हणून कंपायलर छोटी फंक्शन मोठ्या फंक्शनच्या पोटात विरघळवतो. तीन मदतनीस फंक्शनना प्रत्येकी ५०० बाइट लागत असतील आणि ती एकामागून एक चालत असतील, तर एरवी ५०० मध्ये भागतं. विरघळवल्यावर कंपायलरला जागा वाटून घेणं जमलं नाही तर मुख्य फंक्शनची फ्रेम दीड हजाराने फुगते. मग मदतनीसांवर शिक्का मारावा लागतो: यांना स्टॅकसाठी वेगळंच राहू द्या. लिनक्समध्ये त्यासाठी नोइनलाइन फॉर स्टॅक नावाची खूणच आहे. खूण कशासाठी आहे ते तिच्या नावातच लिहिलेलं असल्यामुळे नंतर येणारा माणूस ती पुसत नाही.

आणि स्वतःलाच बोलावणारी फंक्शन. कॉलेजात ती सौंदर्यासाठी शिकवतात, कर्नलमध्ये ती धोक्याची असतात, कारण किती खोल जायचं हे बहुतेक वेळा बाहेरचा माणूस ठरवतो. सिम्बॉलिक लिंकचं उदाहरण बघा: एक फाइल दुसरीकडे बोट दाखवते, ती तिसरीकडे. लिनक्समध्ये हा शोध पूर्वी स्वतःलाच बोलावून होई, म्हणून आठच पातळ्या खोल जाण्याची मुभा होती. २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत अल व्हायरो यांनी तो साध्या लूपमध्ये बसवला. आता एकूण चाळीस लिंकची मर्यादा तेवढी उरली आणि स्टॅक वाढत नाही. डिस्कच्या एकावर एक रचलेल्या थरांचं असंच रूपांतर २००७ मध्ये झालं होतं. जिथे साखळी तोडताच येत नाही तिथे काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवतात. एक्सएफएस फाइल सिस्टिमने २०१२ मध्ये जागा वाटपाचं खोल काम असंच वेगळ्या कामगार थ्रेडकडे दिलं, म्हणजे त्याला नवाकोरा स्टॅक मिळतो. हे शेवटचं अस्त्र, कारण थ्रेड बदलायलाही वेळ जातो.

## स्टॅकबाहेर मेमरी मागितली तर वेग नाही कमी होत?

होतो, थोडा. स्टॅकवर जागा घेणं म्हणजे एक वजाबाकी, केमॅलॉक म्हणजे एक फंक्शन. शिवाय ते नकार देऊ शकतं, तो तपासावा लागतो, आणि घेतलेली जागा प्रत्येक वाटेने परत करावी लागते. इंटरप्टच्या आत असताना तर थांबून मेमरी मागताच येत नाही, तिथे वेगळी मागणी करावी लागते. म्हणून शंभर-दोनशे बाइटसाठी कुणी स्टॅक सोडू नये. पण दूध काट्याच्या उदाहरणात बफर एकदाच घेतला, दर वजनाला नाही. बहुतेक ठिकाणी असाच मार्ग निघतो: वारंवार चालणाऱ्या जागेवरून मागणी उचलून एकदाच चालणाऱ्या जागी नेऊन ठेवायची.

## हे सगळं कंपायलर बघत नाही का?

एका फंक्शनपुरतं बघतो. लिनक्समध्ये सूचनेची सीमा ६४ बिटवर २०४८ बाइट आणि ३२ बिटवर १०२४ बाइट अशी मूळ ठरलेली असते. आर्न्ड बर्गमन यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं वेगवेगळ्या कंपायलरने कर्नल बांधून या सूचना शोधतात आणि एकेक दुरुस्त करत जातात. गाजावाजा नसलेलं, पण फार मोठं काम आहे हे.

पूर्ण साखळीची उंची मात्र कंपायलरला कळत नाही. कर्नलमध्ये एक फंक्शन दुसऱ्याला बऱ्याचदा नावाने बोलावत नाही, पत्त्याने बोलावतं, आणि त्या पत्त्यावर कोण आहे हे मशीन चालू झाल्यावर, कुठली फाइल सिस्टिम आणि कुठला ड्रायव्हर लावला त्यावर ठरतं. म्हणून चालत्या मशीनवर मोजावं लागतं. कर्नल बांधल्यावर मेक चेकस्टॅक ही आज्ञा दिली की सगळ्यात जाड फ्रेमची उतरती यादी मिळते. स्टॅक ट्रेसर चालू ठेवला तर आजवरची सर्वांत खोल साखळी फंक्शनच्या नावांसकट आणि प्रत्येकाच्या बाइटसकट दिसते. माझ्या मते ती यादी प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावी. आपला कोड किती अनोळखी लोकांच्या खांद्यावर उभा आहे हे तिच्याइतकं स्पष्ट कुठल्याच पुस्तकात दिसत नाही. स्टॅकचा वापर नोंदवणारा पर्याय चालू असेल तर आणखी एक गोष्ट मिळते: एखादा थ्रेड आधीचा उच्चांक मोडून संपला की किती बाइट शिल्लक होते ते कर्नल लॉगमध्ये लिहितो.

जिथे बाहेरचा कोड कर्नलमध्ये चालवायचा असतो, त्या ईबीपीएफ यंत्रणेत तर विश्वासाचा प्रश्नच ठेवलेला नाही. तिथल्या प्रोग्रॅमला ५१२ बाइटचा स्टॅक मिळतो, आणि त्याहून जास्त वापरणारा प्रोग्रॅम तपासणीतच परत पाठवला जातो.

## आमच्या शिरोलीच्या कारखान्याला याचं काय?

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत मी जेव्हा ही गोष्ट सांगतो तेव्हा फाउंड्रीवाले हाच प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. भट्टीचं तापमान नोंदवणाऱ्या पेटीत लिनक्स असेलच असं नाही. बहुतेकदा छोटा मायक्रोकंट्रोलर असतो आणि त्यावर फ्रीआरटीओएससारखी हलकी सिस्टिम.

तिथे हा विषय आणखी जवळ येतो. एकूण रॅमच काही दहा केबी, आणि प्रत्येक कामाचा स्टॅक किती हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच आकड्यात सांगावं लागतं. राखीव पान बहुधा नसतंच. फ्रीआरटीओएसमध्ये तो आकडा मूळ पद्धतीत बाइटमध्ये नसून वर्डमध्ये असतो. ३२ बिट चिपवर १२८ लिहिलं की ५१२ बाइट मिळतात. ईएसपी३२ या चिपच्या अधिकृत किटमध्ये मात्र तोच आकडा बाइट समजला जातो, म्हणजे दुसऱ्या ३२ बिट बोर्डवरचा कोड ईएसपी३२ वर उचलून नेला की स्टॅक एकदम चौथाई होतो. पेटी टेबलावर चालते आणि पाळी सुरू झाल्यावर लटकते. अशा वेळी सप्लाय आणि वायरिंग तपासण्यात दिवस जातात.

उपाय साधा आहे. स्टॅक ओव्हरफ्लो तपासणारा पर्याय चाचणीच्या काळात चालू ठेवायचा. प्रत्येक कामाची आजवरची सर्वांत कमी शिल्लक सांगणारं फंक्शन त्यात आहे, ते दर काही मिनिटांनी लॉगमध्ये लिहायचं. आणि हे मोजमाप भट्टी थंड असताना घ्यायचं नाही. अलार्म वाजतोय, नेटवर्क तुटलंय, स्क्रीनवर कुणीतरी बटणं दाबतंय आणि त्याच क्षणी मेमरी कार्डवर नोंद चाललीय, असा प्रसंग मुद्दाम घडवून आणायचा आणि तेव्हाचा आकडा धरायचा.